मठातली थाळी

भक्तहो, आंबेदरीला निर्वाणगिरी महाराजांचा मठ होता. तिथं कुणालाच मज्जाव नव्हता. वरच्या पाड्यावरची माणसंही येत. त्यातलीच लाखी. कडेवर तान्हं लेकरू घेऊन यायची.

तिचे सासरे देवजीबाबा म्हणजे थाळीवर कथा गाणारे पाड्यातले शेवटचे. काशाच्या थाळीत मेणावर काडी उभी करायची, चिमटीनं वरून खाली ओढायची, की थाळी भुंग्यासारखी गुंजे. त्या सुरावर पूर्वजांची नावं घेत मेलेल्याला त्यांच्यात पोचवायचं, अशी पाड्याची रीत.

लाखीला ती कथा शिकायची होती. नाहीतर बाबांबरोबर सगळी नावंच जाणार! पण बाबा म्हणत, "ही मेल्याच्या घरीच म्हणायची. जित्या घरात म्हटली तर मरण आत शिरतं. तुझ्या मांडीवर लेकरू, शिकवू कुठं?"

एक दिवस बाबांनाही मठात आणून तिनं महाराजांपुढे डोळे पुसत सगळं सांगितलं. गावचे कीर्तनकार भास्करबुवा हसले, "अगं, ताटंच घासायचीत ना? मठात उष्टी पुष्कळ पडलीत!"

महाराज शांतपणे म्हणाले, "संन्यास घेताना आमचं श्राद्ध आम्हीच उरकलं. तेव्हा हे मेल्याचंच घर. बसा देवजी, इथं शिकवा."

काय ती करुणा!

लाखी शिकू लागली. एका दुपारी नावं ऐन रंगात आली असताना मांडीवरचं लेकरू गार लागलं. तिनं पोटावर हात ठेवला. पोट हलेना.

"भोगा आता! फेक ती थाळी!" बुवा ओरडले.

काडी सोडून लाखीनं लेकरू उराशी धरलं. "महाराज, नको मला ही विद्या! माझं बाळ द्या!"

महाराजांनी डोळे मिटले. "पोरी, थाळी ऐक."

काडीला कुणाचाच हात नव्हता, आणि थाळी गुंजत होती! देवजीबाबा पुढची नावं घेऊ लागले. लेकराचं पोट हललं. पुन्हा हललं. मग त्यानं असा टाहो फोडला, की लाखी रडता रडता हसली.

महाराज म्हणाले, "पूर्वज न्यायला नव्हते आले. आपली नावं पुढं कोण घेणार, ते पाहून गेले."

बुवांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. "चुकलो. आता काय करू?"

"काडी निखळलीय. तिचे हात लेकरात गुंतलेत. मेण मऊ करून द्या."

बुवा तळव्यावर मेण मळू लागले.

पुढं देवजीबाबांनी देह ठेवला, तेव्हा लाखीनं अख्खी कथा गायली. एक नाव सुटलं नाही. लेकरू मांडीवर गाढ झोपलं होतं. आणि थाळीवर वाकून काडी ओढत होते भास्करबुवा.