पाणकावळ्याची मरळ

माणसांनी पाण्यात गळ टाकायच्याही आधीची गोष्ट. तळ्यावर दरवर्षी मासेमारीची स्पर्धा भरे. सर्वांत मोठा मासा धरणाऱ्याला तळ्यामधला उन्हातला ओंडका वर्षभर बसायला मिळे. नियम एकच, कासवआजोबा तो दरवर्षी बजावत: "पोटात गाभोळी, म्हणजे अंडी असलेली मासळी जिवंत सोडायची."

पाणकावळ्याला ओंडका फार हवा होता. बिचाऱ्याचे पंख लवकर वाळत नसत, आणि काठावर सदा सावली. त्या वर्षी त्याने बगळ्याच्या मानेएवढी लांब मरळ धरली. पण चोचीला तिचं गच्च पोट लागलं. पाण्याखाली पाहायला कुणी नव्हतं, तरी त्याने तिला सोडून दिलं.

"काय रे, रिकाम्या चोचीनं आलास?" म्हणत बगळा बोटभर माशावर जिंकला.

पाणकावळा सावलीतच पंख पसरून उभा राहिला. शेजारच्या टिटवीला कुठलं राहवतंय! "भावजी, हरलात आणि वर हसताय?"

त्याने झालेलं सांगितलं.

"अगंबाई! मग आजोबांना सांगायचंत ना!"

"राहू द्या हो, वहिनी. पुढच्या वर्षी तिचीच पोरं धरायचीत मला."

संध्याकाळपर्यंत टिटवीने ते साऱ्या तळ्याला सांगितलं. दुसऱ्या सकाळी बगळा ओंडक्यावर जरा सरकून बसला होता.