पाठमोऱ्यांमागे जाणारे पाय

एका राज्यात धीरसेन नावाचा राजा होता. तो मुका नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. प्रधानाशी बोले, माहुताशी बोले, घोड्याच्या कानात तर तासभर बोले. अबोला धरी तो फक्त आपल्या लेकीशी.

लेक कनकलेखा सहा वर्षांची असताना राणी वारली. पोरीने विचारले, "आबासाहेब, आई कधी येणार?" राजाला उत्तर सुचेना. त्याने पाठ फिरवली आणि एकोणीस दिवस तो तिच्याशी बोलला नाही. दाईने तिला समजावले, "महाराजांना शाप आहे, ताईसाहेब. आपण चुकलात की त्यांची जीभ दगडाची होते. माफी मागा."

आई गेलेल्या सहा वर्षांच्या पोरीला हे सांगितले! भरल्या राजवाड्यात एकालाही लाज वाटली नाही. ती रोज त्या पाठीमागे उभी राहून "माझं चुकलं" म्हणे. विसाव्या दिवशी राजा म्हणाला, "जेवून घे." तेवढ्या दोन शब्दांनी ती हरखून गेली.

तेव्हापासून तिच्या पायांना शाप जडला. कोणी पाठ फिरवली की पाय आपसूक त्याच्यामागे चालू लागत. एकदा तिने खांबाला मिठी मारली, तर पायांनी तिला खांबासकट ओढत नेले.

ती उपवर झाली. सुमेध नावाचा सरदारपुत्र तिच्यासमोर उभा राहून सरळ म्हणाला, "आपण मला आवडता." तिला जांभई आली. मग वज्रकेतू नावाचा मांत्रिक राजपुत्र आला. त्याने तिला आपादमस्तक न्याहाळले आणि पाठ फिरवून तो चालता झाला. पाय निघाले त्याच्यामागे. महिन्याभरात लग्न लागले.

वज्रकेतूची रीत अशी, की मनाविरुद्ध काही घडले की तो जागच्या जागी पाषाण होई, आणि हा आपल्याला शापच आहे असे सांगे. वरणात मीठ कमी पडले, झाला पाषाण. ती मोठ्याने हसली, झाला पाषाण. मग त्या दगडाच्या छातीवर आज्ञा उमटे. पहिली उमटली, "सात डोंगरांपलीकडचा जळता मध आण." तिने आणला. हात कोपरापर्यंत भाजले. तो म्हणाला, "बरं." दुसरी उमटली, "नागराजाच्या फण्यावरचा मणी आण." तिने आणला. तो म्हणाला, "उशीर केलास." आणि लोक म्हणत, काय ही निष्ठा! निष्ठा कसली डोंबलाची? जखम होती ती, आणि हे तिला हार घालत होते.

वाड्याच्या छपरावर एक साळुंकी राही. ती म्हणाली, "राणीसाहेब, आपली पालखी वेशीबाहेर गेली की स्वारी माणसात येते. पहारेकऱ्यांशी सोंगट्या खेळते, दिवसभर गप्पा मारते. शापबिप काही नाही."

तुम्हाला वाटेल, आता तिने दार आपटले. छे! ती साळुंकीला म्हणाली, "मग फक्त माझ्याशीच बोलत नाहीत. माझंच काहीतरी चुकत असणार."

तिसरी आज्ञा उमटली, "तुझा आवाज शंखात भरून आण." आवाज दिला की ती जन्माची मुकी होणार होती. तरीही ती निघाली.

समुद्राकाठी एक जोगीण शंख राखत बसली होती. ती म्हणाली, "देतेस तर दे. पण सगळ्यात आत अडकलेला आवाज आधी बाहेर येतो."

कनकलेखेने शंख ओठांना लावला. शंखातून एक चिरका, हुंदक्यांनी तुटलेला आवाज आला, "माझं चुकलं, आबासाहेब. माझं चुकलं."

"ही कुणाची पोर?" कनकलेखा कळवळली. "हिला कुणी रडवलं?"

"तूच ती."

"एवढीशी होते मी?" ती शंखाकडे बघत राहिली. "अहो, एवढ्याशा पोरीचं काय चुकणार?"

आणि तिला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा, दुसऱ्या कुणाचा नाही, स्वतःचा कैवार घेऊन आलेला राग. तिने शंख खडकावर आपटला. आवाज तिच्या गळ्यात परतला.

ती वाड्यावर आली आणि सामान बांधू लागली. तेव्हा पाषाण घाईघाईने माणसात आला. "कुठे निघालीस? बघ, मी बोलतोय ना!"

"ऐकलं," ती म्हणाली.

तेव्हा त्याने आपले खात्रीचे शस्त्र काढले. पाठ फिरवली. तिचे पाय थरथरले, वळले, एक पाऊल पडलेही. तिने खाली वाकून दोन्ही हातांनी आपले घोटे धरले आणि एकेक पाय उचलून दाराच्या दिशेने ठेवला. असे सात वेळा करावे लागले. आठव्या वेळी पाय आपण होऊन दाराकडे चालले. शाप सुटला.

मग ती थेट धीरसेनाच्या दरबारात गेली. म्हातारा राजा तिला पाहताच तोंड फिरवून बसला. दरबार वाट पाहू लागला, की आता ही माफी मागेल.

"आबासाहेब," ती म्हणाली, "माझी आई मेली होती. ते सांगायचं काम तुमचं होतं. तुम्हाला जमलं नाही आणि शिक्षा मला केलीत."

कोपऱ्यातली दाई रडत पुढे आली. "महाराजांना शाप नव्हता, ताईसाहेब. मी खोटं बोलले. सगळ्यांना ठाऊक होतं."

दरबाराने माना खाली घातल्या. निदान तेवढे तरी त्यांना कळले. त्या दिवसापासून त्या राज्यात मोठ्यांच्या अबोल्याचा दोष पोरांच्या माथी मारणे बंद झाले.

राजाचे खांदे हलले. तो काहीतरी बोलू पाहत होता. कदाचित बोललाही असेल. पण कनकलेखा तोवर पायऱ्या उतरून गेली होती, आणि तिला भूक लागली होती.