दर्याच्या पोटात उतरलेलं तेल

मासे माणसांशी बोलत आणि माणसं ते ऐकून घेत, अशा फार जुन्या काळची ही गोष्ट.

एका कोळीवाड्यासमोर तेलाचं गलबत खडकावर आपटून फुटलं. काळं तेल पाण्यावर पसरलं. पंख चिकटलेले पक्षी किनाऱ्याला लागू लागले. पावसाळ्याचे दिवस होते. मासळी अंडी घालते म्हणून होड्या वाळूवरच होत्या. सगळा वाडा पेंढ्याच्या जुड्यांनी तेल टिपू लागला. काम चिवट होतं आणि नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती.

"काळ्या दर्याला नारळ द्यायचा कसा?" वाड्याचा नाखवा अस्वस्थ झाला. नारळ दिल्याशिवाय होड्या लोटायच्या नाहीत, ही वाड्याची रीत.

तेव्हा शहरातून एक रसवैद्य आला. "नाखवा, हे औषध शिंपडा. दर्या आरशासारखा होईल."

"आणि तेल जाईल कुठं?" नाखविणीने विचारलं. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते.

"पाण्यात मिसळून खाली."

"म्हणजे जाणार नाही, नुसतं उतरणार."

"अगं, दर्याच्या पोटात बघायला कोण जातंय?" नाखवा हसला. "दृष्टीआड सृष्टी!"

तिने हातातली जुडी खाली ठेवली.

औषध पडलं. काळा तवंग फुटून बारीक थेंब झाले आणि दिसेनासे झाले. पक्षी वाचले, हे खोटं नव्हतं. नारळ वाजतगाजत निघाला.

होड्या लोटल्या, पण जाळी रिकामी आली. पुन्हा टाकली, पुन्हा रिकामीच. नाखवा खाडीच्या मुखाशी गेला आणि त्याने म्हाताऱ्या घोळ मासळीला हाक मारली. ती फार सावकाश वर आली.

"आजी, मासळी रुसली का गं?"

"रुसायला उरलंय कोण? तेल वर होतं, तोवर आम्ही खोल जाऊन जीव वाचवत होतो. तू ते आमच्या घरातच धाडलंस. अंडी फुटली नाहीत. जी पिल्लं जन्मली, त्यांनी थेंब अन्न समजून गिळले."

"मला दिसलं नाही, आजी."

"तुला दिसू नये, म्हणूनच तर ते औषध होतं."

ती खाली गेली. त्यानंतर नाखव्याच्या हाकेला कुणी आलं नाही.

दर्या निळाशार राहिला. होड्या वाळूवर पालथ्या पडल्या आणि एकेक घर दुसऱ्यांची जाळी ओढायला परक्या किनाऱ्यावर निघून गेलं.

नजरेआड केलेलं संकट संपत नाही. ते फक्त दुसऱ्याच्या दारात जाऊन बसतं.