राजाचं बोट आणि धुरपीचं शेण

धवलसेन राजाला बाण लागत नसे, आणि सोनगिरीच्या राज्यात सगळी पंचाईत हीच होती!

एका बैराग्यानं त्याला गतीची विद्या दिली होती. अंगावर येणारी कुठलीही वस्तू राजा नुसत्या बोटानं वळवायचा. बाण असो, भाला असो, नाहीतर पिसाळलेला हत्ती. बोट उजवीकडे गेलं की वस्तू उजवीकडे, डावीकडे गेलं की डावीकडे. तिला जागीच थांबवणं, वर-खाली करणं किंवा आल्या वाटेनं परत धाडणं मात्र त्या विद्येत नव्हतं. राजाला त्याचं काही वाटत नसे. आपल्याला लागलं नाही म्हणजे झालं!

अशा राजाला युद्धाची हौस नसेल तरच नवल. दोन लढाया झाल्या. राजा दोन्हींतून न्हाऊन आल्यासारखा ताजातवाना परतला. त्याच्या आजूबाजूचे शिपाई परतले ते झोळीतून. तरी भाट गातच होते, "महाराजांच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही!" आणि आता नदीपलीकडच्या राज्यावर तिसरी स्वारी ठरली.

लोक कुजबुजू लागले. राजाच्या कानावर गेलं. त्यानं चिडून दवंडी पिटवली, "मी भर दरबारात आसनावर बसेन, जागचा हलणार नाही. ज्याला जे फेकायचं ते फेका! मला लागलं तर मागाल ते देईन. नाही लागलं तर फेकणाऱ्याच्या घरचे पुरुष स्वारीत पहिल्या रांगेत!"

तिरंदाज आले, गोफणवाले आले. राजानं पान चघळत चघळत सगळ्यांना वाटेला लावलं. पहिली रांग भरत चालली.

मग आली धुरपी. गोवऱ्या थापून विकणारी बाई, डोक्यावर ओल्या शेणाची पाटी. तिचा नवरा रखमाजी मागच्या लढाईत राजाच्या उजव्या हाताला उभा होता. तेव्हापासून त्याचा स्वतःचा उजवा हात नुसता लोंबत होता.

"हे काय आणलंस?" राजानं नाकाला शेला लावला.

"शेण, महाराज. आमच्या घरात दुसरं हत्यार नाही."

दरबार खदखदून हसला. प्रधान म्हणाला, "नवऱ्याचा एक हात गेला, आता दुसराही घालवायला आलीस?"

"महाराजांनी वळवलेला बाण कुणीतरी झेलायला नको का, प्रधानजी? तुम्ही तर तेव्हा तंबूत होता!"

राजा गुरगुरला, "बाण वळवू नको तर काय छातीवर घेऊ?"

"तसं कसं म्हणेन, महाराज! माझं म्हणणं एवढंच, लढाईची परीक्षा लढाईसारखी व्हावी. रणात आपल्या दोन्ही अंगांना माणसं असतात. इथं तर दोन्हीकडे मोकळं रान!"

राजाला ते पटलं. "सेनापती, उजवीकडे बसा! प्रधान, डावीकडे!"

दोघांचे चेहरे उतरले, पण बसावं लागलं. धुरपीनं पदर खोचला आणि पहिला गोळा फेकला. राजानं बोट हलवलं. थप्प! सेनापतीच्या पीळदार मिशा शेणात बुडाल्या.

"वा! काय वळवलाय महाराजांनी!" प्रधानानं टाळ्या पिटल्या. दुसऱ्या गोळ्यानं त्याच्या टाळ्या बंद झाल्या, कारण तोंडच बंद झालं.

सेनापतीला एकाएकी घोड्यांचे नाल तपासायची आठवण झाली. प्रधानाला स्नानाची घाई झाली. दोघंही पसार! उरलेला दरबार मागे सरकत सरकत भिंतीला जाऊन चिकटला.

"आता कोण बसतंय?" राजा गरजला. कुणी भिंत सोडीना.

धुरपी नम्रपणे म्हणाली, "पडद्याआड राजमाता आहेत, राणीसाहेब आहेत. आपल्या माणसाजवळ बसायला त्यांना कसलं भय?"

राजमाता तडक उठल्या आणि उजवीकडे येऊन बसल्या. सासू बसली म्हटल्यावर सून मागे कशी राहील? राणी डावीकडे बसली.

धुरपीनं पाटीतला सगळ्यात मोठा गोळा उचलला आणि सोडला.

राजाचं बोट उजवीकडे निघालं.

"धवल्या!" राजमातांनी डोळे वटारले.

बोट घाईघाईनं डावीकडे वळलं. राणी गोड आवाजात म्हणाली, "वळवा ना. वळवून तर बघा!"

बोट मधेच अडकलं. आणि थप्प! गोळा राजाच्या तोंडावर बसला.

राजानं डोळ्यांवरचं शेण निपटलं आणि ओरडला, "ही दगाबाजी आहे! आईवर कसं वळवू? बायकोवर कसं वळवू?"

"रखमाजीलाही आई आहे, महाराज. आणि बायको तर ही समोरच उभी आहे."

राजा बराच वेळ शेल्यानं तोंड पुसत राहिला. एवढं पुसण्यासारखं तोंडावर काही उरलंही नव्हतं. मग हळूच म्हणाला, "माग. काय हवं?"

एव्हाना सेनापती आणि प्रधान धुतल्या तोंडानं परत आले होते. त्यांच्याकडे बघत धुरपी म्हणाली, "स्वारी खुशाल होऊ द्या, महाराज. पण या खेपेला आपल्या उजव्या हाताला सेनापती आणि डाव्या हाताला प्रधानजी असावेत. पहिल्या बाणापासून शेवटच्या बाणापर्यंत!"

प्रधान घाईनं पुढे झाला. "महाराज, नीट विचार केला तर नदीपलीकडचा राजा माणूस भला आहे हो!"

"देवमाणूस!" सेनापती म्हणाला. "शिवाय आपले घोडे लंगडतायत. मी आत्ताच बघून आलो."

"कोणते घोडे?" राजानं विचारलं.

"सगळेच, महाराज!"

राजाला हसू फुटलं. तो इतका हसला की आसनावरून घसरला, राजमातांनी दंड धरून त्याला वर बसवलं. स्वारी रद्द झाली, पहिली रांग घरी गेली. रखमाजीला घरबसल्या तनखा मिळाला, आणि धुरपीला दोन दुभत्या म्हशी. राजानं अट एकच घातली: त्यांचं शेण दरबारात आणायचं नाही!