देवराईचा दिवस

"देवानेच उजवा कौल दिला. मग आता विचार कसला करायचा, बाबा?"

विश्वंभरचा आवाज जरा चढाच होता. मठात सगळ्यांत जास्त पोथ्या त्याच्याच पाठ होत्या. नव्या सभामंडपाच्या खांबांसाठी त्याला देवराईतली झाडं हवी होती. तोडायला आलेला धाकू कुऱ्हाड टेकून उभा होता.

मठाचे प्रमुख गिरीबाबा देवाची मूर्ती निरखत होते...

त्या गावात आता वर्षातला एक दिवस देवराईचा म्हणून पाळतात. तेव्हा तसा दिवस नव्हता. रीत एवढीच होती, की देवाला विचारल्याशिवाय रानातली काडीही तोडायची नाही. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

त्या सकाळी पाकळ्या विश्वंभरने चिकटवल्या होत्या.

"बस इथे," बाबा म्हणाले. "हलू नकोस."

विश्वंभर देवराईतल्या सगळ्यात जुन्या झाडाखाली बसला. बाबांनी त्याच्या उजव्या खांद्यावर नुसत्या पाण्याने पाकळी चिकटवली. डाव्या खांद्यावर आधी चंदनाचं दाट गंध लावलं आणि मग पाकळी दाबून बसवली.

विश्वंभरचा चेहरा उतरला.

"बाबा... डावीकडे गंध?"

"सकाळी तू असंच केलंस ना?"

त्याने नजर खाली वळवली.

बाबा झाडांकडे वळून म्हणाले, "हा माणूस तोडायचा की नाही, हे आज रान विचारतंय. उजवी पडली तर होकार. धाकू, तयार राहा."

धाकूने धारेवरून अंगठा फिरवला. "मी काय म्हणतो बाबा, आधी फांद्या घेऊ, की एकदम बुंधाच?"

कुणी हसलं नाही.

विश्वंभरने श्वास रोखून धरला. एक मुंगी त्याच्या मानेवरून खांद्याकडे उतरत होती. तिला झटकायची सोय नव्हती. पाकळीखालचं पाणी वाळू लागलं. कड हळूच वर उचलली गेली.

"बाबा," तो ओठ न हलवता म्हणाला, "मी... जिवंत आहे हो."

रान गप्प होतं.

वरची पानं सळसळली. उजवी पाकळी सुटली, एकदा फिरली, आणि त्याच्या मांडीवर येऊन पडली.

"पडली बाबा," धाकू म्हणाला. त्याने कुऱ्हाड उचलली होती.

"नको! मंडप नको, एकही झाड नको! मी लबाडी केली, बाबा..."

विश्वंभरने बाबांचे पाय घट्ट धरले. बाबांनी खाली वाकून ती पाकळी उचलली, त्याच्या हातात ठेवली आणि त्याची मूठ मिटली.

"जा आता. पण कौल उजवा आहे, विसरू नकोस. दर वर्षी याच दिवशी इथे येऊन बसायचं... रान पुन्हा विचारेल."