कासाराची आवडी आणि वाटेत अडकलेलं 'येते गं'

एकदा काय झालं, एक होता राजा. त्याला होत्या सात राण्या. पण त्या सगळ्या जेवून घोरताहेत, तेव्हा त्यांना उठवू नका. आपली गोष्ट त्यांची नाहीच मुळी! फसलात की नाही? आपली गोष्ट आहे त्या राजाच्या राज्यातल्या अगदी टोकाच्या गावची. तिथं राहायचा सिदू कासार, त्याची बायको हौसा आणि त्यांची पोर आवडी.

आवडी चौदा वर्षांची होती. म्हणजे या निमीपेक्षा मोठी आणि माझ्यापेक्षा किंचित लहान. हसू नका रे, किंचितच.

या आवडीचं सगळं निराळं, बरं का. बोलताना कुणाच्या डोळ्यांत बघायची नाही, कानाकडे बघायची. आनंद झाला की हात पाखरासारखे फडफडवायची. गावात ढोल वाजला की कान झाकून गुणगुणत बसायची. आणि अंगाला कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही, चटका बसल्यासारखी लांब व्हायची. तिच्या हातात बांगड्या भराव्यात तर त्या फक्त हौसानं. लोक म्हणायचे, "सिदूची पोर वेडी आहे." लोकांचं काय घेऊन बसलात, ते मलाही म्हणतात.

पण टोपलीभर मिसळलेल्या बांगड्या तिच्यापुढं ओता. रंगाला रंग, मापाला माप, जोडीला जोडी, झालं काम! नुसता किणकिणाट ऐकून सांगायची, "यात एक तडकलेली आहे." आणि ती असायचीच.

आणखी एक खोड होती तिला. माणूस जे बोलेल ते ती तसंच्या तसं खरं धरायची. आता आपण कसे बोलतो? बांगडी फुटली तर 'फुटली' म्हणत नाही, 'वाढली' म्हणतो. एकदा शेजारच्या चिमाकाकू आल्या आणि म्हणाल्या, "हौसे, माझी बांगडी वाढली गं." आवडीनं दोरा आणला, माप घेतलं आणि सांगितलं, "काकू, वाढली नाही. तीन तुकडे झालेत."

हौसा हसून लोळायची बाकी राहिली. मग म्हणाली, "अगं, वाईट शब्द तोंडातून निघू नये म्हणून माणसं उलटं बोलतात."

"मग खरं काय ते कळायचं कसं?"

"माझ्याकडे येत जा. मी सुलटं करून सांगेन."

मग तसंच चालायचं. गावानं उलटं बोलायचं, हौसानं सुलटं करायचं. आवडीला दुसरं कुणी लागायचंच नाही.

हौसा बाजारोबाजारी बांगड्या भरायला जायची. टोपली डोक्यावर घेतली की उंबऱ्यावरून म्हणायची, "येते गंऽ." जाते म्हणत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आणि येते म्हटलं की ती यायची. दर वेळी यायची.

मग एकदा ती लांबच्या बाजाराला गेली. तिथं तापानं फणफणली आणि तिथंच मेली. तिथल्या माणसांनीच तिला अग्नी दिला. टोपली तेवढी घरी परत आली.

हे मी तुम्हाला सांगते आहे. आवडीला मात्र असं कुणी सांगितलंच नाही.

चिमाकाकू पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "आई देवाघरी गेली गं तुझी." आवडी उठली आणि देवळात गेली. गाभारा बघितला, ओवरी बघितली, नगाऱ्यामागं बघितलं. गुरवाला म्हणाली, "देव घरीच आहे. आई नाही."

गुरव म्हणाला, "ती लांबच्या प्रवासाला गेली, बाळ." मग आवडी वेशीवर जाऊन बसली. लांबचं माणूस तिथूनच येणार ना? ऊन झालं, सावली झाली, बैलगाड्या आल्या, गुरं आली. आई आली नाही.

मग तिनं आबाला विचारलं. आबा म्हणजे सिदू. तो दोन वेळा खाकरला, भिंतीकडे वळला आणि म्हणाला, "येईल हो."

अशा तीन माणसांनी तीन गोष्टी सांगितल्या. सुलटं करून सांगणारी तेवढी नव्हती. आवडी टोपलीशी बसायची, बांगड्या काढायची, लावायची, परत काढायची. सगळ्या जोड्या लागायच्या. घर असं गप्प झालं होतं की बांगडीला बांगडी लागली तरी ती दचकायची.

एक महिना गेला. मग आवडीनं विचार केला. बघा हं, कसा केला ते. आई 'येते' म्हणाली. आई खोटं बोलत नाही. आई तर आली नाही. म्हणजे ते 'येते' निघालं, पण वाटेत कुठंतरी अडकलं! काय चुकलं यात? मला तर काही चूक दिसत नाही, आणि मी चांगली दुसरी नापास आहे.

मग तिनं फडक्यात भाकरी बांधली आणि उंबऱ्यावरून म्हणाली, "आबा, जाते."

सिदू ताडकन उठला. "अगं, जाते म्हणू नये! येते म्हण!"

"येते म्हटलं आणि आले नाही तर? आईचं तसंच झालंय."

सिदू पायात घालायला वहाणा शोधू लागला. तेवढ्यात ती गेलीसुद्धा.

चालता चालता लागली एक विहीर. आवडी वाकून म्हणाली, "माझ्या आईचं 'येते' पाहिलंस?" विहीर म्हणाली, "पाहिलंस?" आवडी म्हणाली, "नाही." विहीर म्हणाली, "नाही." आवडीला फार बरं वाटलं. जे ऐकलं तेच परत म्हणायची सवय तिलाही होती, आणि त्यावरून चिडवलं नाही असं हे पहिलंच कुणी भेटलं होतं. दोघी दुपारपर्यंत बोलत बसल्या. उठताना मात्र तिला वाटलं, आपण इतकं बोललो, पण बोललो एकटेच.

मग लागलं एक बुजगावणं. त्याला डोळे नव्हते, म्हणून आवडी पहिल्यांदाच कुणाच्या तोंडाकडे सरळ बघून बोलली. बुजगावणं म्हणालं, "माझा मालकही 'येतो' म्हणाला होता. मागच्या सुगीला. असली अडकलेली सगळी खिंडीत बसतात. त्या बाजूला."

"कुठल्या? तुझे दोन्ही हात दोन बाजूंना आहेत."

"कावळा बसलाय त्या बाजूला."

तेवढ्यात कावळा उडून दुसऱ्या हातावर जाऊन बसला. हसताय काय? पण आवडीनं कावळा आधी कुठं होता ते नीट लक्षात ठेवलं होतं. ती त्याच वाटेनं गेली.

आणि मग तिसऱ्या दिवशी लागली ती खिंड.

काय सांगू तुम्हाला! खिंडीत दगडादगडावर बोटभर पाखरं बसलेली. हजारो! प्रत्येक पाखरू एकेक बोललेला शब्द. "येतो रे!" "येते हं वहिनी!" "आलोच, पान वाढून ठेव!" कुणी लढाईवर जाताना बोललेलं, कुणी होडीत बसताना. सगळी एकदम बोलत होती. आवडीनं कान झाकले आणि मटकन खाली बसली. ती मोठ्यानं गुणगुणायला लागली, तरी कलकलाट थांबेना. तिला वाटलं, आता डोकं वाढणार. म्हणजे फुटणार हो, मीसुद्धा उलटंच बोलले!

मग तिला टोपली आठवली. तिनं डोळे मिटले आणि आवाज निवडायला लागली. जाडे एकीकडे, बारीक एकीकडे. घाईचे एकीकडे, रेंगाळणारे एकीकडे. ढीग लहान होत गेला, होत गेला, आणि अगदी तळाशी ऐकू आलं,

"येते गंऽ."

मागं बांगडीची किणकिण. आईचंच! आवडीनं ते पाखरू ओंजळीत घेतलं.

"तू पहिलीच गं मला न विचारता शोधणारी," मागून कुणीतरी म्हणालं. एक बोळक्या तोंडाची म्हातारी हातात खराटा घेऊन उभी होती. खिंड झाडायचं काम तिच्याकडं.

आवडी तिच्या कानाकडे बघत म्हणाली, "हे सापडलं. आता आई कधी येईल?"

म्हातारीनं खराटा खाली ठेवला. "मला उलटं बोलता येत नाही पोरी. फुटलं तर मी फुटलंच म्हणते. सांगू?"

"सांग."

"तुझी आई मेली. मेलेलं माणूस येत नाही. देवळातून नाही, वेशीतून नाही, या खिंडीतूनही नाही. कधीच नाही."

मग आवडी रडली का? नाही रडली. ती दगडावर बसली आणि पुढं-मागं झुलत राहिली. पाखरू ओंजळीत आणि ती झुलते आहे, झुलते आहे. का रे सुध्या, डोळ्यांतून पाणी काढणं म्हणजेच रडणं, असं कुणी सांगितलं तुला?

झुलता झुलता ती म्हणाली, "म्हणजे आई खोटं बोलली."

"पाखराच्या पोटाला हात लाव."

आवडीनं लावला. पोट ऊन होतं.

"खोट्यांची पोटं गार असतात," म्हातारी म्हणाली. "ती मी झाडून टाकते. तुझी आई यायलाच निघाली होती. ने हे घरी. पण हे एवढंच येईल हं, ती नाही." मग तिनं खराट्यानं एका कोपऱ्याकडं दाखवलं. "आणि ते तेवढं उचल. बाकीची पाखरं त्याला भिताहेत."

कोपऱ्यात एक काळं पाखरू एकटंच बसलं होतं. ते म्हणालं, "आबा, जाते."

"हे माझं!" आवडी म्हणाली. "पण हे खरं होतं. मी गेले होते."

"खरं, पण अर्धं. बांगडीची जोडी विकताना एकच बांगडी देतेस का तू? तिकडं तुझा बाप तीन दिवस या एकट्या शब्दासमोर बसून राहिलाय."

हे मात्र आवडीला लगेच पटलं. जोडी म्हणजे जोडी. तिनं काळं पाखरू दुसऱ्या हातात घेतलं, "येते" म्हणाली आणि घराकडं वळली.

सिदू उंबऱ्यावरच होता. चिमाकाकूंनी आणलेली भाकरी शेजारी वाळून कडक झाली होती. आवडीला बघून तो धडपडत उठला, जवळ घ्यायला हात पुढं केले आणि मग आठवून मागं घेतले. "आलीस? तुझी आई पण येईल हो, येईल..."

"आबा," आवडी म्हणाली, "आई मेली."

त्या घरात तो शब्द पहिल्यांदाच आला. आबा खालीच बसला आणि ढसाढसा रडला. महिनाभर मुरलेलं रडू ते. आवडी त्याच्यापासून हातभर लांब बसली आणि झुलत राहिली. दोघं मिळून रडली म्हणा ना.

मग काय झालं, आवडीनं टोपलीतून हिरव्या बांगड्या काढल्या, आबापुढं ठेवल्या आणि आपला हात लांब केला. "भर," म्हणाली. डोळे मात्र घट्ट मिटून.

सिदूनं जन्मभर बांगड्या घडवल्या होत्या, पण भरायची ती हौसा. पहिली बांगडी गेली. दुसरी गेली. तिसरी कट्कन तुटली.

"अरे अरे, वाढ..." सिदू म्हणायला लागला आणि थांबला. पोरीकडं बघितलं.

"फुटली," तो म्हणाला.

"फुटली," आवडी म्हणाली. तिनं हात मागं घेतला नाही. "चौथी भर."

त्या दिवसापासून गावाचं बोलणं सुलटं करून सांगायचं काम सिदूकडं आलं. चुकायचा पुष्कळ, पण सांगायचा. आईचं पाखरू आढ्याला बसलं. मधूनच म्हणतं, "येते गंऽ." कुणी येत नाही. तरी दोघं क्षणभर हातातलं काम थांबवतात. आणि काळं पाखरू त्याला चिकटून बसतं, जोडीनं. घरातून निघताना आवडी जोडीनंच बोलायची, "जाते, आणि येते." आधी गाव हसलं. मग हळूहळू सगळं गाव तसंच बोलायला लागलं.

तशी ती दोघं सुखानं राहिली, खिंडीतली म्हातारी खिंडीत राहिली आणि राजाच्या सात राण्या अजून घोरताहेत. तुम्हीही घोरा आता. निमे, पांघरूण ओढ. सुध्या, तू झोपल्याचं सोंग करतोयस, मला कळतं.

दिवा वाढवते हं. म्हणजे विझवते.

जाते, आणि सकाळी येते.