रैनूची रेघ

शके सतराशे ब्याण्णव, माघ महिना, थंडी सरत आलेली. त्या साली कोसमटोल्यात रैनू कोवे नावाचा एक माणूस जंगलाच्या कडेनं गवत जाळत निघाला. पहाटेचं दंव असताना जाळायचा. ओलं गवत भडकत नाही, धुमसत पुढं सरकतं. हातातल्या पळसाच्या डहाळीनं तो जाळ हवा तिथं मारायचा. मागं काळी रेघ राहायची. उन्हाळ्यात गावाकडून वणवा आला, तर या रेघेवर उपाशी मरेल, असं त्याचं म्हणणं.

गाव हसलं. सगळ्यांत जास्त हसली तानीबाई पेंदाम. तिची मोहाची झाडं जंगलाला लागूनच होती.

"कारे रैनू, जंगल वाचवाले जंगलच जाळतं? डोक्यातला पाला जाळ आधी!"

"तुह्या मोहाजवळची रेघ तेवढी राहिली, काकी."

"माह्या मोहाजवळ विस्तव आणशील, तर टंगडी मोडीन."

तेवढी जागा रेघेविना राहिली.

फाल्गुनात मोह टपटपू लागला. वाळल्या पाल्यात फुलं दिसत नाहीत, म्हणून बाया झाडाखालचा पाला जाळत. तानीबाईनंही जाळला. दुपारी वारा फिरला. जाळ उरलेल्या जागेतून सरळ जंगलात घुसला, आणि जंगलात तिची सुकरी मोह वेचायला गेली होती. एकुलती एक लेक.

तानीबाई जाळाकडं धावली. बायांनी तिला धरून ठेवलं. वणव्याला वळसा घालून रैनू पुढच्या नाल्यात उतरला. सुकरी तिथंच धुरात कोंडली होती. त्यानं तिला नाल्याच्या वाळूत बसवलं आणि काठावर स्वतः नवा जाळ लावला, येणाऱ्या वणव्याच्या तोंडावर. दोन्ही जाळ दोन सांडांसारखे एकमेकांवर धावले, भिडले आणि खाली बसले. जाळायला काही उरलंच नव्हतं.

असं म्हणतात की, त्या धुरातून रैनू चालत आला तेव्हा त्याचा केससुद्धा जळला नव्हता. मागं सुकरी होती. तिच्या मागं चितळं, ससे आणि सगळ्यांत मागं पिल्लू तोंडात धरलेली वाघीण. कोणी कोणाकडं पाहिलं नाही, असं म्हणतात.

"घे काकी, तुही पोरगी," रैनू म्हणाला. "मोहाची टोपली मात्र जळली."

तानीबाईनं त्याचे पाय धरले. "हे कसं फेडू रे बा?"

"माघात खराटा घेऊन ये."

माघ आला. पहाटे रैनू पोहोचला, तेव्हा तानीबाई तिथं आधीच उभी होती. मोहाखालचा पाला झाडून झाला होता. तिनं स्वतःच्या हातानं विस्तव लावला. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

रैनूला मूलबाळ नव्हतं. तो गेला, पण रेघ थांबली नाही. त्या जंगलात पुन्हा मोठा वणवा शिरला नाही, असं म्हणतात. कोसमटोल्यात आजही मोहाखाली कोणी पाला जाळत नाही. बाया खराट्यानं झाडतात. माघातल्या पहाटे सगळं गाव डहाळ्या घेऊन कडेला जमतं. पहिला विस्तव पेंदामांच्या घरची बाई ठेवते. शेवटची ठिणगी विझली की तीच रैनूचं नाव घेते आणि म्हणते, "बा, यंदाचं फिटलं."

मग सगळे घरी जातात.